वडिलांना घेऊन समुद्रात गरवायला : मालवण-देवबागचे दोन दिवस

समुद्रात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं ठरलं की लोक आधी रॉड-रीलच्या किमती बघतात. सोबत साठी-सत्तरीचे वडील किंवा आई येणार असेल, तर आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. तिथी चुकली तर महागडं रीलसुद्धा होडीत पडून राहतं आणि बाबा दोन तास काठ धरून बसतात. पुढचं सगळं मालवण, तारकर्ली, देवबाग हा पट्टा धरून लिहिलं आहे. वेंगुर्ला किंवा देवगडला जाणार असाल तर जागा बदलतील, हिशोब तोच राहील.

दिवस कसा निवडायचा

यांत्रिक होड्यांची पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हंगाम सुरू झाला म्हणतात. पण तेव्हा समुद्र निवलेला नसतो. ज्येष्ठांना न्यायचं तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर एवढाच काळ धरा. या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो. तो किनाऱ्याजवळची लाट दाबून ठेवतो आणि पाणी काचेसारखं राहतं. साडेनऊ-दहाला तो पडतो. अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा उठतो आणि तासाभरात पाण्यावर पांढरे फेस दिसू लागतात. म्हणून होडीवरचा वेळ सकाळी साडेसहा ते दहा, त्यापुढे नाही. मार्चनंतर खारा वारा लवकर येतो आणि जोरही जास्त असतो.

आता भरती. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशोब. सुकती, म्हणजे ओहोटी, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण होते. भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो.

रविवारी द्वादशी येईल असा शनिवार-रविवार शोधा. एकादशी किंवा त्रयोदशी असली तरी चालेल. कारण असं : देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा दांडा, आहे. सुकतीचं पाणी जोरात बाहेर निघत असताना समोरून लाट आली की ती तिथे उभी राहते, आणि होडी उलटण्याची सगळ्यात मोठी भीती त्याच जागी. द्वादशीला साडेसहाला निघालात तर चढत्या पाण्यावर बाहेर पडता आणि नऊ-साडेनऊला भरती थांबलेली असताना आत येता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी इतकं ओढतं की गळाला बांधलेलं शंभर ग्रॅमचं शिसंही तळाला टिकत नाही. त्याउलट अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी मंद असतं, शिसं छान बसतं, पण माशांची आवक थंड, आणि भरती सहालाच संपत असल्याने परतताना सुकती गाठते.

तीन दिवस आधीपासून हैदराबादच्या इन्कॉइसचा समुद्रस्थितीचा अंदाज बघा. लाट एक मीटरच्या आत आणि वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत असेल तरच जा. त्यांनी उंच लाटांचा इशारा दिला असेल आणि वर आकाश निरभ्र असेल, तर आकाशावर भरवसा ठेवू नका. लांबून आलेली लाट स्वच्छ उन्हातही येते.

निघण्याआधी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी

बोट लागण्याची गोळी ही सगळ्यात बेफिकीरपणे दिली जाणारी वस्तू. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, साठीपुढे तोल जातो, क्वचित गोंधळल्यासारखं होतं. प्रोस्टेट वाढलेला असेल तर लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालत नाहीत. म्हणून बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. होडीत बसल्यावर, मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी बहुधा उलटूनच पडते. निदान तासभर आधी हवी.

रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी सकाळी असेल तर ती त्या दिवशी परतल्यावर घेतली तर चालेल का, हेही विचारा. लहान होडीवर शौचालय नसतं. रुंद तोंडाची झाकणाची बाटली आणि एक जुनी चादर सोबत ठेवा आणि ती ठेवली आहे हे निघण्याआधी हळूच सांगा. नाहीतर बाबा आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात आणि उन्हात चक्कर येते. आईसाठी हा प्रश्न आणखी अवघड असतो. तिच्यासाठी दोन तासांची फेरी ठरवा, साडेतीन तासांची नको.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गरीची (गळाच्या आकड्याची) छोटी जखमही वाहत राहते. जाड गॉज आणि दाबपट्टी घ्या. मधुमेह असेल तर ग्लुकोजची पुडी खिशात असू द्या, पिशवीच्या तळाशी नको. इन्शुलिन बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं की वाया जातं.

होडी आणि तांडेल

तांडेल म्हणजे होडी चालवणारा प्रमुख. मासेमारीची होडी आणि पर्यटक नेणारी होडी यांचे परवाने वेगळे. आपल्याला प्रवासी नेण्याचा परवाना असलेली होडी हवी. किती माणसांची परवानगी आहे ते विचारा, लाइफ जॅकेट स्वतः घालून बघा. बंद तुटलेलं किंवा आतला फोम भुगा झालेलं जॅकेट हातात घेतल्याबरोबर कळतं. आधार कार्ड जवळ ठेवा.

वेगवान स्पीडबोट टाळा. लाटेवरून आदळताना मणक्याला दणका बसतो आणि हाडं ठिसूळ झालेल्या माणसाचा मणका एवढ्यानेही दबतो. रुंद पोटाची, हळू चालणारी होडी घ्या. तिला उलांडी (बाजूला बांधलेला आधाराचा ओंडका) असेल तर डुलणं आणखी कमी. बसायची जागा मध्यापासून मागच्या बाजूला. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसून फोटो चांगला येतो, पाठ मात्र जाते. प्लॅस्टिकची खुर्ची होडीत ठेवू देऊ नका, ती पहिल्याच कलंडण्यात घसरते. घोंगडी चौपदरी घालून आडव्या फळीवर बसवा.

पैसे ठरवताना माणशी नको, अख्ख्या होडीचे ठरवा. वेळ, डिझेल, आमिष, गरवायचं सामान, धरलेला मासा कोणाचा, हे सगळं आदल्या दिवशीच बोलून घ्या. तांडेल "चला आता, वारो इलो" (वारा आला) म्हणाला की गळ गुंडाळायचे. त्यावर घासाघीस नाही.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या त्याच्या गाभ्यात गळ टाकायचा नाही, हे तांडेलाला आधीच सांगून ठेवा. 'एकदाच टाकून बघू' असं कोणी म्हटलं तरी नाही म्हणा.

सामान : थोडं, पण घरी बांधलेलं

होडीत डुलताना, चष्म्यावर खारं पाणी उडालेलं असताना, गरीच्या नेढ्यात तंगूस (नायलॉनचा दोरा) ओवणं साठीच्या डोळ्यांना जमत नाही. त्यावरून बाबा चिडतात आणि चिडण्याचं खरं कारण सांगत नाहीत. म्हणून सगळे गळसंच घरी, दिव्याखाली बांधा. बाबांनाच बांधू द्या, त्यांना ते आवडतं. एका माणसाला सहा संच पुरतात. जुनी रबरी स्लीपर कापून तिचे तुकडे करा, त्यांवर संच गुंडाळा, गरी रबरात टोचून ठेवा.

तळाच्या माशांसाठी संच असा. अर्ध्या मिलिमीटर जाडीचं एक मीटर तंगूस घ्या. वरच्या टोकाला स्विवल, म्हणजे दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी. खालच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर एक आणि त्याच्या ४० सेंटिमीटर वर दुसरी आडवी शाखा, प्रत्येकी १५ सेंटिमीटरची. शाखा याहून लांब ठेवल्या तर दोन्ही गऱ्या एकमेकींत गुंततात आणि निम्मी सकाळ सोडवण्यात जाते. गरी १/० मापाची. मुडदुशीसाठी मात्र ६ नंबरची बारीक, तिचं तोंड लहान असतं. शिसं मूळ तंगुसाला थेट बांधू नका. ०.३० मिलिमीटरच्या वीतभर बारीक दोऱ्याने बांधा. तळाच्या खडपात (खडकांत) शिसं अडकलं की तेवढा बारीक दोरा तुटतो, गऱ्या आणि मासा वर येतात. पाणी १० ते १५ मीटर खोल असेल तिथे ६० ते १०० ग्रॅमचं शिसं पुरतं. होडी वाहते तशी दोरी तिरकी जायला लागली की वजन वाढवा.

गाठ एकच शिका. दोरा दुहेरी करून नेढ्यातून काढा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खी गरी पार करा, थुंकीने ओलं करा आणि सावकाश ओढा. कोरडी ओढली तर तंगूस घासून तापतं आणि तिथेच कमकुवत होतं. ब्रेडला, म्हणजे विणलेल्या दोऱ्याला, नेहमीची पिळाची गाठ सरकते, ही सरकत नाही.

हातात दोरी की रॉड? बोटांत संधिवात असेल तर रॉड, दुमत नको. सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, ४००० मापाचं रील, ३० पौंडी ब्रेड. बोटं धड असतील तर पिढ्यान्पिढ्यांची हातदोरी, ०.६० मिलिमीटरचं तंगूस आणि तर्जनीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची टोपी. मोठा मासा पळाला की ओलं तंगूस ब्लेडसारखं बोट कापतं. दोरी हाताच्या पंजाला कधीही गुंडाळायची नाही. तरुण पोरंही हे विसरतात.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरा सुटेल तो ताण, घरीच लावा. दोराच्या टोकाला वाणसामान मोजायचा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा. दोन-अडीच किलोला रील सुटायला हवं. घट्ट आवळलेल्या ड्रॅगने मासा जातो, आणि बाबांचा खांदाही जातो.

प्रत्येक गरीच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. थोडे मासे निसटतील, पण बोटात घुसलेली गरी आली तशी बाहेर येईल.

आमिष

शनिवारी सकाळी मालवणच्या बाजारातून घ्या. दोन माणसांना अर्धा किलो मध्यम कोळंबी, दोन माकुल (स्क्विड), दोन बांगडे. माकुलाच्या बोटभर लांब, सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या कापा. चिवट असतात, बारीक मासे टोचून टोचून नेतात तरी गरीवर टिकतात. बांगड्याच्या पट्ट्यांना जाडं मीठ चोळून रात्रभर ठेवा, मांस घट्ट होतं. कोळंबी सोलून शेपटीकडून ओवा, गरीचं टोक उघडं राहू द्या. ते पार बुडवून टाकणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. मासा खातो, ओढतो, पण टोचत काही नाही.

शनिवार संध्याकाळ खाडीवर

रात्रभरच्या गाडीने कुडाळला उतरून त्याच सकाळी समुद्रात जाऊ नका. झोप अपुरी असली की बोट हमखास लागते. दुपारी जेवून बाबांना झोपू द्या. एकादशीला सुकती अडीचच्या सुमारास संपते, तेव्हा चार ते साडेसहा कर्लीच्या काठावर चढतं पाणी मिळतं. हीच सरावाची वेळ. मुडदुशी, काळुंदर, एखादी तांबोशी, नशीब असेल तर चोणक. रायगडात त्यालाच जिताडा म्हणतात.

वाळूच्या, सपाट काठावर बसा. खडकांवर कालवं असतात आणि त्यांच्या कडा पावलं चिरतात. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी. उथळ पाण्यात पाय टाकताना उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत दबलेलं पाकट (चपटा, शेपटीला काटा असलेला मासा) त्या हालचालीने निघून जातं. पाऊल नेमकं त्याच्यावर पडलं तर ते शेपटीचा काटा मारतं.

रविवार सकाळ

पाच वाजता उकड्या तांदळाची पेज, चवीला मीठ आणि लोणच्याची फोड. रिकामं पोट आणि तळलेलं पोट, दोन्हींनी मळमळतं. खिशात आलेपाक.

होडीत चढवताना घाई नको. शक्य असेल तर जेटीवरून चढवा. किनाऱ्यावरूनच चढायचं असेल तर आधी होडीच्या काठावर पाठमोरं बसवा आणि मग दोन्ही पाय आत घ्या. हात पंजाला धरून ओढायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. ओला पंजा सटकतो. जॅकेट किनाऱ्यावरच घालायचं आणि परत किनाऱ्यावरच काढायचं. उकडतं म्हणून मध्ये सैल केलं की ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

जागेवर पोचल्यावर तांडेल नांगर टाकेल. शिसं तळाला टेकल्याचा 'टक्' हाताला जाणवतो. लगेच दोरी हातभर वर घ्या आणि ताणलेली ठेवा. सैल दोरीत मासा लागलेला कळत नाही. बारीक, भराभर टकटक झाली तर राणी मासा किंवा मुडदुशी. तेव्हा मनगटाचा हलका झटका पुरे. एकच जड ओढ खाली गेली तर तांबोशी किंवा गोबरा. तो आपल्या बिळाकडे निघालेला असतो, आणि पहिले दोन-तीन मीटर तुम्ही जिंकले नाहीत तर दोरी खडकात घासून तुटते. इथे बाबांनी रॉडचा दांडा पोटाशी टेकवून रॉड वर उचलायचा, मग खाली करता करता रील फिरवायचं. नुसतं रील फिरवत बसलं की मनगट दहा मिनिटांत दमतं. आणि त्यांच्या हातातून रॉड काढून घेऊ नका. मासा गेला तर गेला.

वीस मिनिटांत काहीच लागलं नाही तर आधी आमिष बदला, मग खोली, मग जागा. शिसं मऊ वाळूत पडत असेल तर तांडेलाला खडपाच्या कडेला होडी घ्यायला सांगा. पापलेटची वाट बघू नका. २०२३ मध्ये ते राज्यमासा झालं खरं, पण ते जाळ्यातलं, गळाला येत नाही.

काय वर येतं ते बघूनच हात लावा. शिंगाळा माशाच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांमागे विषारी काटे असतात. पक्कडीने गरी काढा, हाताने नाही. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास बुडवा. विष उष्णतेने मंदावतं. त्यासाठी एक थर्मास साध्या गरम पाण्याचा न्या. मधुमेहाने बाबांच्या बोटांची जाणीव कमी झाली असेल तर पाणी तुमच्या कोपराने तपासा, नाहीतर काट्यापेक्षा भाजल्याचीच जखम मोठी. फुगणारा केंड मासा ताबडतोब सोडा. त्याचं विष शिजवून जात नाही. समुद्रसाप आला तर दोरीच कापा.

लहान मासे परत. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली, सुरमई ३७ सेंटिमीटरच्या आतली धरायची नाही. रॉडवरच चिकटपट्टीने खुणा करून ठेवा. कासव गळाला लागलं तर होडीशी आणून दोरी तोंडाजवळ कापा.

गरी बोटात घुसली आणि काटा दाबलेला नसेल, तर बाहेर ओढत बसू नका. गरीच्या वळणात जाड दोऱ्याचा फास घाला, गरीचा नेढ्याकडचा दांडा कातडीवर दाबून धरा आणि फास एका झटक्यात, दांड्याला समांतर, मागे ओढा. डोळ्याजवळ, सांध्यात किंवा मानेत घुसली असेल तर हात लावू नका, तशीच पट्टीने स्थिर करून दवाखान्यात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते माहीत असू द्या.

मळमळायला लागलं की बाबा बोलायचे थांबतात आणि वारंवार जांभया देतात, ओठ फिके पडतात. त्यांना खाली वाकून गरी बांधू देऊ नका. नजर किनाऱ्यावर, तोंड वाऱ्याकडे, पाण्याचा घोट. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर नांगर उचला. छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम असेल तर ती बोट लागलेली नाही. थेट किनारा, वाटेतच ११२. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. दोन्ही क्रमांक तांडेलाच्या फोनमध्येही असू द्या, कारण तुमचा फोन त्या क्षणी भिजलेला असतो.

मासा घरी नेताना

मासा लागल्याबरोबर डोक्यावर टोला, कल्ल्याखाली सुरीने छेद, दोन मिनिटं रक्त जाऊ द्या, मग बर्फात. थर्मोकोलच्या पेटीत दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी घातलं की नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होतो. साडेतीन तासांना दहा किलो बर्फ लागतो. बांगडा, सुरमई उन्हात तासभर राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल, डोकेदुखी, धडधड सुरू होते, आणि लोक म्हणतात 'बाबांना मासा बाधला'.

किनाऱ्यावर पोट साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा, पिशवीत घाला, ताज्या बर्फात दाबा. पेटीच्या झाकणाला चिकटपट्टीचे दोन वेढे. संध्याकाळच्या गाडीत पेटी खालच्या बर्थखाली ठेवाल तेव्हा तिच्याखाली जुनं वर्तमानपत्र आणि गोणपाट घाला. रात्री बर्फ सुटतो, पाणी सरळ शेजाऱ्याच्या चपलांत जातं आणि उरलेला प्रवास त्यांच्याकडे न बघता करावा लागतो. रील त्याच रात्री गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. सोमवारपर्यंत ठेवलंत तर हँडल अडकलेलं मिळेल.